बामीचा शब्द

बलभीमाच्या तोंडाला कुलूप न्हाय, असं माकणीत समदे म्हणायचे. मनात आलं की बाहीर. ह्येला खोटं बोलायचं जमणार न्हाय, म्हणायचे. आता खरं सांगतो. दोन वर्सं म्या एका म्हातारीशी रोज खोटं बोललो, आन् ते बी इतकं सफाईनं, की उमरग्याच्या वकिलानं तोंडात बोट घालावं.

म्हातारीचं नाव शरणम्मा. लिंगायत. तिचं घर आमच्या घराला लागून, मधी कमरेएवढी भिंत. तिचा एकुलता एक ल्योक मल्लिनाथ. मी आन् मल्या एका वर्साचे. ते घरात कानडी बोलायचे, आमी मराठी, आन् चावडीत गेलं की दोघांनी बी उर्दू, कारण राज निजामाचं. मल्या तिन्ही भाषांत शिव्या द्यायचा. मला दोनच जमायच्या.

त्रेचाळीस साली आमी दोघं सोलापूरला जाऊन इंग्रजाच्या फौजेत भरती झालो. पोटाचं कारण हुतं, आन् खोटं कशाला बोलू, अंगात मस्ती बी हुती. बंदूक काय मिळाली न्हाय. खेचरं हाकायची पलटण. निघताना शरणम्मा वेशीपस्तोर आली. माझं मनगट धरून म्हणाली, "बलभीमा, ह्यो येंधळा हाय. ह्येच्या गळ्यातलं लिंग कदी उतरू दिऊ नको. तू ध्यान ठिव."

"अव्वा, तुम्ही घोर करू नका," म्या म्हणलं. "जिवापाड जपतो."

असं म्हणलं बगा म्या. ह्याच तोंडानं.

ब्रह्मदेशात अराकान म्हणून मुलूख हाय. डोंगर, नद्या आन् जळवा. जिथं खेचराचा बी पाय ठरत न्हाय तिथं सामान न्यायला आफ्रिकेची माणसं हुती. डोक्यावर वझं घिऊन डोंगर चढायची. त्यातला एक आमच्या संगं लागला. नाव बामीदेले. आमी बामी म्हणायचो. आमी योरुबा, असं तो छातीला हात लावून सांगायचा. आदी मला वाटलं त्येच्या गावाचं नाव हाय. मग कळलं, ती त्येंची जात आन् भाषा दोन्ही.

पयल्याच दिवशी त्येनं कमरेचं फडकं काढलं, पिळून गोल केलं, डोक्यावर ठिवलं आन् वर पेटी घेतली. मल्या वरडला, "अय्यो, सिंबी!" म्या म्हणलं, "सिंबी काय रं, चुंबळ हाय ती." बामीनं ती काढून आमच्या पुढं धरली आन् म्हणला, "ओशुका." तिघं येड्यावानी हसलो. समुद्राच्या पल्याडचा माणूस, आन् आमच्या बायका घागरीखाली घेत्यात तीच चुंबळ त्येच्या डोक्यावर! त्या दिवसापासनं आमचं गूळपीठ जमलं. हिंदुस्थानी मोडकी, इंग्रजी त्याहून मोडकी, पण कदी अडलं न्हाय.

बामीचा एक शब्द हुता. पेले.

खेचर घसरलं, तर खाली बसून त्येचा कान कुरवाळायचा, "पेले." माझ्या बोटाला पत्रा कापला, तर, "पेले." मल्याला ठेच लागली, तर वीस पावलं पुढं गेलेला बामी वळून, "पेले." आन् उतारावरनं चालताना, "पेले-पेले," म्हंजे जपून, सावकाश. मला राग यायचा. आपल्यात कुणाला ठेच लागली की आपण काय म्हणतो? "डोळे फुटले का रं? बगून चालता येत न्हाय?" ही आपली माया. आन् ह्यो गडी, जणू दगूड त्येनंच मधी ठिवला हुता, असं तोंड करायचा.

एकदा म्या डाफरलोच. "तू काय केलंस? तू कशाला माफी मागतो?"

मल्या म्हणला, "माफी न्हाय त्ये. आमच्या मठातल्या जुन्या पदांत पेळु येतं. पेळु म्हंजे सांग. आता आमी हेळु म्हणतो. ह्यो म्हणतोय, काय झालं त्ये मला सांग."

"हट्! त्ये मराठी हाय. पेल! म्हंजे वझं पेल, सोस, बोंबलू नको."

झालं, लागली भांडणं. मल्या कानडीवर आडून बसला, मी मराठीवर. शेवटी बामीलाच इच्यारलं. त्येनं जरा इच्यार केला. मग त्येनं माझ्या कापलेल्या बोटावर बोट ठिवलं, आन् मग तेच बोट स्वताच्या छातीवर. म्हणला, "तुमारा दुखा, हम देखा."

तुझं दुखलं, त्ये म्या बगितलं. बास. येवडाच अर्थ. सोस बी न्हाय, सांग बी न्हाय. आमाला दोघांनाबी अशा अर्थाचा शब्द आपल्यात सापडना. मल्या दिसभर पुटपुटत बसला, कानडीत काय म्हणावं, काय म्हणावं.

मल्या रोज सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढायचा, डाव्या तळहातावर घ्यायचा आन् डोळे मिटून बसायचा. जळवा पायाला लागल्या तरी हलायचा न्हाय. बामी समोर उकिडवा बसून बगायचा. मल्या त्येला खुणा करून कायबाय सांगायचा, तळहात दाखवायचा, जमीन दाखवायचा. मी तवा खेचरांना पाणी दाखवत असायचो. बोलणं कानावर पडायचं, पण डोस्क्यात शिरत नव्हतं.

पंचेचाळीसच्या माघात मल्याला ताप भरला. पलटण पुढं निघालेली, थांबायची सोय न्हाय. बामीनं आपली पेटी दुसऱ्याला दिली आन् मल्याला पाठीवर घेतलं. आख्खा दिवस त्येनं मल्याला पाठीवरनं डोंगर चढवला. चढाला लागला की हळूच म्हणायचा, "पेले, पेले." मल्या त्येच्या खांद्यावर मान टाकून पडलेला. दुसऱ्या दिवशी उजाडता नदीकाठी मल्या म्हणला, "बल्या, ह्ये पाणी गरम हाय, आपल्या गावच्या त्येर्ना नदीचं आण." मी त्याच नदीचं पाणी दुसऱ्या डब्यात आणलं. तवर संपलं हुतं.

साहेबानं एक घंटा दिला. म्या आन् बामीनं खड्डा केला. लिंगायताला बसवून पुरत्यात येवडं मला ठावं हुतं. लहानपणापासनं बगितलेलं, मयताला सजवून, बसवून, वाजतगाजत न्यायचं. पण खड्ड्यात पुढं काय करत्यात, त्ये त्येंचं तेच बगत्यात. आमी मराठे लांब उबे. आमच्यात कसं असतंय? माणूस परमुलखात मेला तर त्येच्या अस्थी घरी आणायच्या. आईबापाला कायतरी दिसाय पायजे. माझा चुलता पंढरपुराकडं मेला, तर त्येचं गाडगंभर तरी घरी आलं. इथं जाळ करायची बंदी, वर इमानं फिरायची. अस्थी कुठनं आणू? अव्वाला काय दाखवू?

म्हणून म्या मल्याच्या गळ्यातला दोरा सोडला आन् लिंग काढून घेतलं.

बामीनं माझं मनगट धरलं. मान जोरात हलवायला लागला. न्हाय, न्हाय. म्या त्येचा हात झिडकारला. "तुला काय कळतंय रं? तू कोण त्येचा?" असंच बोललो. शिवी बी हासडली. त्येनं हात सोडला. गप नदीवर गेला. परत आला तवा त्येच्या हातात एक काळा गुळगुळीत गोटा हुता, चिंचुक्याहून थोरला. खड्ड्यात उतरला. मल्याचा डावा हात मांडीवर उघडा पडला हुता. त्येच्या तळव्यावर बामीनं गोटा ठिवला, एकेक बोट वाकवून मूठ मिटवली, आन् म्हणला, "पेले." मला वाटलं, त्येंच्या आफ्रिकेची कायतरी रीत असंल.

पुढं दोन म्हैन्यांनी त्येंची तुकडी दुसरीकडं गेली. बामी परत दिसला न्हाय.

शेचाळीसच्या चैतात मी माकणीला आलो. पेटीत तळाला, धोतराच्या फडक्यात, मल्याचं लिंग. वाटंनं समदं घोकून ठिवलं हुतं, कसं सांगायचं, काय सांगायचं. वेशीत शरणम्मा उबी. मला बगितलं, माझ्या मागं बगितलं. "येकटाच?" म्हणली.

"कलकत्त्याला दवाखान्यात हाय, अव्वा," म्या म्हणलं. "बरा झाला की यील."

म्हणलं, आज नको, उद्या सांगू. पण आठच दिवसांत गल्लीतला कल्याणप्पा वारला. खड्डा काढायला माणूस कमी पडला, म्हणून मी गेलो. पयल्यांदाच जवळनं बगितलं. महारुद्र स्वामींनी कल्याणप्पाच्या गळ्यातलं लिंग काढलं आन् त्येच्या डाव्या तळहातावर ठिवलं. मग माती. म्या इच्यारलं, "स्वामी, ह्ये संगंच जातंय व्हय?" ते म्हणले, "मग? जलमल्यावर बांदलेलं, जाताना हातात. त्येच्या बिगर कसं जायाचं माणसानं?"

मल्याचं तर माझ्या पेटीत पडलेलं.

मग कसलं सांगतो! दवाखान्यातला मल्या काय बरा हुईना. वर्सभरानं सरकारी कागद आला, इंग्रजीत. गावात इंग्रजी अक्षरं वळखणारा मी एकटा. शरणम्मा पदरात गुंडाळून कागद घिऊन आली. कागदात मेला असं साफ लिवलेलं. म्या वाचलं, "ठावठिकाणा लागत न्हाय." ती किती खूश झाली, काय सांगू. "म्हंजे हाय कुठंतरी!" असं म्हणून माझ्या हातावर गुळाचा खडा ठिवला. त्यो म्या खाल्ला. लाज न्हाय.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांचा कहर झाला. आज ह्या गावात जाळपोळ, उद्या त्या गावात. उन्हाळा सरता सरता माकणी हळूहळू रिकामी व्हायला लागली. गाड्या जुंपून माणसं सोलापूरच्या हद्दीत जायची. आमच्या गल्लीत दोन घरं उरली. आमचं आन् शरणम्माचं.

ती काय हलायला तयार न्हाय. "मल्या आला आन् दाराला कुलूप दिसलं तर? त्येला कोण सांगंल मी कुठं गेले त्ये?" उंबऱ्यावर मांडी घालून बसली. माझी बायको धुरपदा समजावून समजावून थकली. घरात यिऊन पेटी भरायला लागली, आन् तळाचं फडकं तिच्या हाताला लागलं. तिनं सोडून बगितलं. माझ्याकडं बगितलं. बायकांना सांगावं लागत न्हाय.

"दोन वर्सं?" ती म्हणली. "तुमी अव्वाला दोन वर्सं दाराकडं बगत बसलेलं बगितलं, आन् ह्ये पेटीत ठिवून जेवलात?"

"धुरपदे, ऐक..."

"मला काय ऐकवू नका. आत्ताच्या आत्ता जावा. न्हायतर मी जाते. ती बाई तुमच्यापायी इथं मरंल."

गेलो. सकाळची नऊ-धाची येळ आसंल. शरणम्मा उंबऱ्यावर ज्वारी पाखडत बसलेली. गाव रिकामं, आन् ही ज्वारी पाखडतीय. म्या समोर बसून फडकं सोडलं. तिनं सूप खाली ठिवलं. लिंग हातात घेतलं न्हाय. नुसतं बगत राहिली. मग दोऱ्याला बोट लावलं. तिनंच वळलेला दोरा.

"हेळु," ती म्हणली. सांग.

समदं सांगितलं. ताप, पाठीवरचा डोंगर, त्येर्नेचं पाणी. म्या दोरा कसा सोडला, त्ये बी. कागदात काय लिवलं हुतं, त्ये बी. मधी एकदा बी थांबलो न्हाय, थांबलो असतो तर पुढं बोलवलं नसतं.

तिनं वरडा केला न्हाय. हळूच म्हणली, "म्या तुझ्या हातात दिलता रं त्येला. आन् तू त्येला रिकाम्या हातानं धाडलास."

"व्हय, अव्वा."

"कुणाच्या बी दारात जायाचं तर माणूस हात रिकामा नेत न्हाय. माझा मल्या..." आन् मग तिनं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. म्या तिला धरलं. तिनं मला मारलं. छातीवर, तोंडावर, सापडंल तिथं. बरं वाटलं मला. दोन वर्सांत पयल्यांदा बरं वाटलं.

दमली तवा भिताडाला टेकून बसली. मग एकेक इच्यारायला लागली. बसवलता का? व्हय. तोंड कुणीकडं? नदीकडं. डोळे मिटलेले? व्हय. "आन् हात? डावा हात कसा हुता?"

म्या म्हणलं, "उघडा हुता. मग बामीनं त्येच्यात गोटा ठिवला आन् मूठ मिटवली."

"कसला गोटा?"

"नदीतला. काळा. येवडा." बोटानं दाखवलं. माझं बोट माझ्या तळहातावरच थांबलं. देवाशपथ सांगतो, तवर माझ्या टकुऱ्यात उजेड पडला नव्हता. रोज सकाळी समोर बसून बगणारा बामी. तळहात दाखवणारा, जमीन दाखवणारा मल्या. दहा हजार कोसावरचा माणूस, त्येला कळलं. भिंतीला भिंत लावून वाढलेल्या मला कळलं न्हाय. आन् म्या त्येला इच्यारलं हुतं, तू कोण त्येचा!

शरणम्माला माझ्या आदी कळलं. "मूठ मिटवली त्येनं?" परत इच्यारलं.

"एकेक बोट, अव्वा."

"काय म्हणला?"

"पेले म्हणला." आन् अर्थ सांगितला. तुझं दुखलं, त्ये म्या बगितलं.

ती रडली, पण आता निराळं रडली, हळू. म्हणली, "कुठल्या माउलीचा हाय रं त्यो. तिला काय म्हाईत, तिच्या ल्येकानं माझ्या ल्येकाची मूठ मिटवली त्ये." मग डोळे पुसले, लिंग उचललं, आपल्या गळ्यातल्या लिंगाच्या शेजारी बांधलं, आन् उठली. "चल. गाडी जुंप. आता कुणाची वाट बगायची न्हाय."

दाराला कुलूप तिनंच लावलं. किल्ली भिंतीवरनं आत टाकून दिली. चुंबळ केली, डोक्यावर गठुडं घेतलं. गाडीत बस म्हणलं तर बसली न्हाय. त्येर्नेच्या पात्रात तिला ठेच लागली. माझ्या तोंडावर आलतं, बगून चाला की. पण निघालं, "पेले, अव्वा."

तिनं वळून बगितलं. हात पुढं केला, आन् पल्याड जाईस्तोर माझ्या खांद्यावर ठिवला.

सोलापूरच्या अल्याड पत्र्याच्या छावणीत आमी राहिलो. श्रावणात तिला हगवण लागली. तीन दिवसांत नुसती काडी राहिली. मला जवळ बोलावलं. "बलभीमा, माझ्या हातात दोन्ही ठिव. माझं आन् त्येचं. त्येचं त्येला नेऊन देते. गोटा देऊन टाक म्हणते त्येला, बामीचा हाय त्यो."

"अव्वा, तुम्ही बऱ्या व्हाल."

"खोटं बोलू नको. तुला जमत न्हाय त्ये." आन् हसली. दोन वर्सं जमलेलं तिला ठावं हुतं, तरी असं म्हणली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. महारुद्र स्वामी बी छावणीतच हुते. एका हातात दोन लिंगं म्हंजे काय, कुठल्या शास्त्रात लिवलंय, असं ते म्हणले. म्या म्हणलं, "स्वामी, तुमचं शास्त्र थोर हाय, पण आज मधी आलात तर बरं हुणार न्हाय." माझं तोंड बगून ते बाजूला झाले. निजामाचं राज त्यापुढं महिन्याभरातच गेलं, माणसं आपापल्या गावाला परतली. तिनं त्ये काय बगितलं न्हाय.

खड्ड्यात मी उतरलो. मराठ्याचा माणूस, पण कुणी अडवलं न्हाय. तिचा हात लहान हुता. दोन लिंगं ठिवली आन् एकेक बोट वाकवलं, पण मूठ पुरी मिटंना. सोडली की उघडायची. वरनं माणसं म्हणायला लागली, राहू दे आता, वर ये. मी आलो न्हाय. तिची मूठ माझ्या दोन्ही हातात धरून बसलो. "पेले, अव्वा," म्हणलं. माती वर येत गेली. तिच्या मनगटाला लागली, मग माझ्या, तवा कुठं म्या हात काढले.